साठीच्या पुढे गाडी चालवणाऱ्यांचा विमा: जास्त पैसे नेमके कुठे जातात?

बचत गटाच्या बैठकीत कर्ज, व्याज आणि हजेरी झाली की एक तरी प्रश्न घरचा निघतोच. मागच्या महिन्यात निघाला तो गाडीच्या विम्याचा. एका काकूंच्या मालकांचं वय अडुसष्ट आहे. घरी जुनी ओम्नी आहे आणि अजून तेच चालवतात. दवाखाना, बाजार, नातीची शाळा, सगळं त्यांच्यावरच. विमा संपत आला तेव्हा एजंट म्हणाला, "आता वय झालंय, हप्ता जास्त लागणार. स्वस्तात हवा असेल तर गाडी मुलाच्या नावावर करून टाका." काकूंनी विचारलं, "खरंय का हो हे?"

बैठकीतल्या निम्म्या बायका म्हणाल्या, खरं असेल. गोष्ट पटण्यासारखी वाटते ना! माणूस थकला की गाडीला धोका वाढला, म्हणून विमा महागला. परदेशात तसं चालतंही. तिकडे कंपन्या चालवणाऱ्याचं वय विचारून हप्ता ठरवतात. तिकडचे मेसेज फोनवर येतात आणि आपण ते आपल्यालाही लागू समजतो. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, तीच आज सांगते.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कुणी गेलं, कुणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दंड ४,००० रुपये. दुसरा भाग म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर. दोन्ही एकत्र घेतले की आपण त्याला फुल विमा म्हणतो.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू केलेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी चारचाकीला वर्षाला २,०९४ रुपये आहेत, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७. दुचाकीत ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये. आपल्या बहुतेक स्कूटी यातच येतात. यावर १८ टक्के जीएसटी. या दरपत्रकात इंजिनाचा रकाना आहे, चालवणाऱ्याच्या वयाचा रकानाच नाही. पंचविशीतला पोरगा असो की पंच्याहत्तरीचे आबा, पैसे तेवढेच. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे २,०९४ आणि जीएसटी ३७७, झाले २,४७१. पैसे भरायच्या दिवशी चालू दर एकदा विचारून घ्या. पण थर्ड पार्टीच्या ओळीत कुणी "वयाचे" म्हणून वाढवून मागत असेल, तर ते सरकारचे नाहीत आणि कंपनीचेही नाहीत, एवढं ओळखा.

दुसऱ्या भागाचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा दर मात्र कंपनी स्वतः ठरवते. तिथे प्रामुख्याने गाडीची आजची किंमत, गाडीचं वय, इंजिन आणि नोंदणी कुठली हे बघतात. त्यामुळे इथे कंपनीगणिक फरक पडतो आणि भाव करायचा तो इथेच. सरकारी चार कंपन्या आहेत, खासगी पुष्कळ आहेत. निदान तिघांकडून आकडा घ्या आणि तो तोंडी नको, फोनवर लेखी मागवा. कुणी वयामुळे जास्त म्हणालं तर "कंपनीच्या कागदावर तसं लिहून द्या" म्हणा. आमच्या काकूंनी तसं म्हटल्यावर एजंटचा पुन्हा फोनच आला नाही.

आता ते "मुलाच्या नावावर करा" प्रकरण. मला विचाराल तर हा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे. वर्षभरात क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी नुकसानीच्या भागावर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. साठीच्या पुढची बरीच माणसं गाडी जपून चालवतात, त्यांची सूट ५० टक्क्यांवर पोचलेली असते. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. समजा नुकसानीच्या भागाचा हप्ता ६,००० रुपये आहे. वडिलांच्या नावावर तो ३,००० पडतो. गाडी मुलाच्या नावावर केली की मुलगा शून्यावर, त्याला पूर्ण ६,०००. शिवाय आरटीओची नावबदलाची फी आणि हेलपाटे वेगळे. मालक कुणीही असो, पॉलिसीप्रमाणे गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन असलं की झालं. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने चालवली तरी विमा लागू होतो. मग नाव बदलून मिळवलं काय?

हीच सूट आणखी दोन प्रकारे हातातून जाते. एक, विमा संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर ती रद्द होते. सुगी संपल्यावर भरू, कांद्याचे पैसे आले की भरू, असं म्हणत चौथा महिना लागतो आणि पाच वर्षांची कमाई जाते. त्यातही ते ९० दिवस फक्त सूट टिकवायला आहेत. त्या दिवसांत विमा चालू नसतो, हे विसरू नका. हप्ता वर्षातून एकदाच येतो. गटात त्यासाठी महिन्याला दोन-तीनशे रुपये वेगळे टाकले तर त्या वेळी सावकाराकडे जायला नको.

दुसरं म्हणजे छोटा क्लेम. गाडी मागे घेताना खांबाला लागली, बंपर फुटला, ४,००० चा खर्च. फुल विमा आहे म्हणून आपण क्लेम करतो. साध्या फुल विम्यात प्लास्टिकच्या भागाला ५० टक्के घसारा कापतात, राहिले २,०००. त्यातून छोट्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. कंपनीकडून त्या बंपरचे आले हजार रुपये. आणि पुढच्या वर्षी ३,००० ची सूट गेली. असा खर्च खिशातून केलेला परवडतो. क्लेम मोठ्या संकटासाठी ठेवायचा.

मग जुन्या गाडीला फुल विमा घ्यायचा की नुसता थर्ड पार्टी? एजंट बहुतेक वेळा एका वाक्यात सांगतात, जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी बास. निम्मं बरोबर आहे. गाडी दहा वर्षांवरची असेल तर लोखंडी भाग बदलतानाही ५० टक्के घसारा कापतात. गाडीची किंमतच साठ-सत्तर हजार उरली असेल तर नुकसानीच्या भागापोटी दरवर्षी किती भरायचं याचा हिशोब घालायलाच हवा. पण यात एक गोष्ट सांगायची राहून जाते आणि ती आपल्या बायकांशी निगडित आहे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात रस्त्यावरच्या माणसाची भरपाई येते, पण आपल्याच खासगी गाडीत मागे बसलेल्यांची येत नाही. दुचाकीवर मागे बसलेलीचीही येत नाही. फुल विम्यात ती जबाबदारी कंपनीवर येते. आता बघा, गाडी चालवणारे आबा, आणि मागे कोण बसतं? आजी, सून आणि नातवंडं. म्हणजे त्या गाडीत रोज बसणारे सगळे विम्याच्या बाहेर!

म्हणून माझं म्हणणं असं की गाडी फक्त आबांनाच शेतापर्यंत नेत असेल तर थर्ड पार्टी ठीक. घरची माणसं तिच्यातून फिरत असतील तर फुल विम्याचा आकडा काढून बघाच, फरक किती आहे ते कळू द्या. नाहीच जमलं तर थर्ड पार्टीबरोबर प्रवाशांचं अपघाती संरक्षण जोडून मिळतं का ते विचारा. आणि घरातल्या प्रत्येकाची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे ना, बँकेत बघा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. ती १८ ते ७० वयापर्यंतच आहे, म्हणजे आबांची सत्तरी जवळ आली असेल तर तिच्यावर विसंबून चालणार नाही.

बिलात आणखी एक ओळ असते, मालक-चालकाचा अपघाती विमा, १५ लाखांचा. तो सक्तीचा आहे, पण सगळ्यांना नाही. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडे लायसन नसेल तर हा विमा त्याला द्यायचाच नसतो. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नावावर स्कूटी किंवा गाडी आहे, चालवतात घरचे पुरुष. तुमच्याकडे लायसन नसेल तर ही ओळ काढून टाकायला सांगा. कारण पैसे घेतले तरी क्लेमच्या वेळी लायसन मागतील. तसंच एकाच माणसाच्या नावावर दोन गाड्या असतील तर हा विमा एकदाच घेतला तरी चालतो, गाडीगणिक नको. आणि हा मालकाचा विमा आहे. गाडी सासऱ्यांच्या नावावर आणि चालवताना मुलाला काही झालं, तर हे १५ लाख मुलाला लागू नाहीत. त्याचा वेगळा अपघाती विमा हवा.

आता मी मुख्य मुद्द्यावर येते. हप्त्यात वयाचा दंड नाही म्हणाले, पण एका कागदात वय मोजलं जातं, तो कागद म्हणजे लायसन. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान ते एकदम दहा वर्षांचं मिळतं. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढलं तर साठ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. आणि पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाचच वर्षांचं. जुन्या माणसांना वाटतं, लायसन एकदा काढलं की काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं असतं, तारीख कुणी बघत नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, २०१९ च्या कायदाबदलात ती गेली. आज मुदत संपली आणि उद्या अपघात झाला, तर कंपनी विचारते त्या दिवशी लायसन वैध होतं का. नव्हतं, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नामंजूर होऊ शकतो. समोरचा माणूस जखमी झाला असेल तर अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. अशी रक्कम लाखांत असते. वसुली आली की ती घरावर आणि जमिनीवर येते. पंचवीस वर्षं न चुकता हप्ते भरलेल्या माणसाच्या घरीसुद्धा हे होऊ शकतं, फक्त एका तारखेपायी.

लायसनच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची चाचणी द्यावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाला ती नकोशी वाटते. अर्ज ऑनलाइन होतो, ई-सेवा केंद्रात भरून देतात. चाळिशीच्या पुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ नावाचं. त्यात नजर, ऐकू येणं, रंग ओळखणं हे तपासायचं असतं. काही ठिकाणी न बघताच सही मिळते, तुम्हालाही माहीत आहे. तशी सही आणू नका. मोतीबिंदू असेल, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर ते डॉक्टरांच्या खोलीत कळलेलं बरं, घाटात नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर कितीतरी जण पुन्हा व्यवस्थित गाडी चालवतात. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर किल्ली मुलाकडे द्यायची. कायद्यात गाडी चालवायला वरची वयोमर्यादा नाही, म्हणून हे घरातच ठरवावं लागतं. ते सांगायचं काम बहुतेक सुनेच्या वाट्याला येतं, आणि ते अवघड आहे हे मला माहीत आहे. त्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून गेलेलं बरं.

लायसनसोबत आरसी बुकही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ती संपलेली असेल तरी कंपनीला नाही म्हणायला जागा मिळते. गॅसकिट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी. त्यासाठी थोडे जादा पैसे पडतात, पण नोंद नसलेल्या किटवर आग लागली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि एक गोष्ट, जी आपण सगळ्या सर्रास करतो. बाजारच्या दिवशी गावातल्या चार बायकांना गाडीत घ्यायचं आणि डिझेल-पेट्रोलला म्हणून वीस-वीस रुपये गोळा करायचे. रिटायर झालेल्या माणसालाही तेवढाच हातखर्च. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही. माल नेणंही चालत नाही. स्वतःचं सामान आणि नमुने एवढंच चालतं. गटाच्या पापड-मसाल्याची पोती प्रदर्शनाला न्यायची असतील तर मालवाहू परवान्याचा छोटा टेम्पो करा. भाडं जातं, पण त्या दिवशी काही झालं तर विमा उभा राहतो.

आता गाडी ज्यांच्या नावावर होती ते गेले, असं झालं तर. हे बोलायला नको वाटतं, पण आपल्या गटांमध्ये अशा मैत्रिणी आहेत, म्हणून सांगते. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत गाडीच्या कागदाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मृत्यू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. विम्याची पॉलिसी मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तेवढेच दिवस चालते. तेवढ्यात मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. आणि इथे ती सूट पुन्हा कामाला येते. हयातीत मुलाच्या नावावर केली तर बुडणारी सूट, मृत्यूनंतर गाडी बायकोकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली तर त्यांना मिळू शकते. ती आपणहून कुणी देत नाही. अर्जात लिहून मागायची आणि जुनी पॉलिसी जोडायची. मालकांनी अपघाती विमा घेतला होता का आणि त्यात नॉमिनी कोण, हेही त्याच वेळी बघा. अपघातात गेले असतील तर त्या १५ लाखांचा अर्ज करायचा असतो, आणि कित्येक घरांत पॉलिसीत असं काही होतं हेच माहीत नसतं.

पैसे रोख देऊ नका. दिलेच तर कंपनीची पावती घ्या. पॉलिसी आली की गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, नाव, तारीख आणि नो क्लेम बोनसचा आकडा आरसीशी आणि जुन्या पॉलिसीशी ताडून बघा. सूट जेवढी खरी आहे तेवढीच लिहा. मागच्या वर्षी क्लेम केलेला असताना एजंटने खोटी सूट लावून हप्ता कमी दाखवला, तर क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं आणि अडचणीत आपण येतो. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कुठपर्यंत आहे ते दिसतं. काही दिवसांत तिथे नोंद आली नाही तर कंपनीत फोन करून पॉलिसी नंबर खरा आहे का विचारा.

कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहा. विमा नियामक आयआरडीएआयचा तक्रारीचा नंबर १५५२५५ आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेलं चालतं. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तेवढं करायचं.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या गाडीची पॉलिसी, आरसी आणि चालवणाऱ्याचं लायसन यांचे फोटो फोनमध्ये घेऊन या. ठराव लिहून झाले की सगळ्यांच्या तारखा गटाच्या वहीत एका पानावर उतरवून घेऊ. नमस्कार.